ब्रेक्झिट-वादांतील आंकड्यांची पारख

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटनमध्यें जें सार्वमत घेण्यांत आलें, त्यांत युरोपीय संघांतून बाहेर पडण्याच्या बाजूनें १,७४,१०,७४२ व संघांत राहण्याच्या बाजूनें १,६१,४१,२४१ मतें पडलीं. या निर्गमनास ब्रेक्झिट असें नांव रूढ झालें. निर्णय योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्याचा अधिकार तेथील मतदारांचा होता व तो त्यांनीं बजावला. त्याविषयीं येथें कांहीं लिहावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. या निर्णयामुळें त्या देशाचें आर्थिक नुकसान झालें कीं नाहीं, झालें असल्यास किती, हा वाद सार्वमतापूर्वींच सुरू झाला आणि अद्याप मिटलेला नाहीं. तो न मिटण्याचें मुख्य कारण, आमच्या समजुतीप्रमाणें, अर्थशास्त्राची दुर्बोधता हें नसून कागद वाचण्यांतील हयगय हें आहे. दोन्ही पक्ष एकमेकांवर आंकडे फेंकतात. परंतु अमुक आंकडा प्रथम कोणत्या कागदांत आला, तो कागद घटनेपूर्वींचा कीं नंतरचा, लिहिणाऱ्याचा हेतु कोणता, आणि नकला होतां होतां त्यांत बदल काय झाला, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. सनदा, बखरी व जमाखर्च यांची पारख करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या या त्रैमासिकाच्या वाचकांस हा दोष परिचयाचा वाटेल. उत्तरकालीन बखर समकालीन पत्राच्या मांडीला मांडी लावून पुराव्यांत बसविली म्हणजे जो घोटाळा होतो, तोच येथें झाला आहे.

सर्वांत प्रसिद्ध लेख प्रथम घेऊं. हा कागदावर नसून एका तांबड्या बसगाडीच्या अंगावर रंगविलेला होता. निर्गमनवाद्यांच्या 'व्होट लीव्ह' या संस्थेनें सन २०१६ च्या मे महिन्यांत ती गाडी देशभर फिरविली. आपण युरोपीय संघास दर आठवड्यास ३५ कोटी पौंड पाठवितों. त्याऐवजीं आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेस पैसा पुरवूं या, असा त्या लेखाचा आशय. हीं दोन वाक्यें शेजारीं शेजारीं ठेवलेलीं आहेत. पहिल्यांतील सर्व रक्कम दुसऱ्यांतील कामास लावूं, असें अक्षरशः कोठेंही म्हटलेलें नाहीं. आणि पुढें वचनभंगाचा आरोप आला तेव्हां लेखकपक्षानें याच फटीचा आश्रय केला. परंतु त्याच संस्थेचें एक भित्तिपत्रक उपलब्ध आहे. त्यांत, संघ दर आठवड्यास घेतो ते ३५ कोटी पौंड आरोग्यसेवेस देऊं या, असा मजकूर आहे. येथें फट उरली नाहीं. एकाच लेखकाच्या दोन प्रतींत एक पाठ संदिग्ध व एक स्पष्ट असला, तर संदिग्धाचा अर्थ स्पष्टावरून लावावा, हा आपला नेहमींचा नियम. त्यानें पाहतां बसगाडीवरील लेखाचा अभिप्राय काय होता, याविषयीं शंका राहत नाहीं.

आतां रकमेकडे वळूं. सन २०१५ चा हिशेब ठोकळ मानानें असा आहे : ब्रिटनवर आकारलेली वर्गणी सुमारें १,८०० कोटी पौंड. पैकीं सुमारें ५०० कोटी ही सूट. सन १९८४ मध्यें फोंतेनब्लो येथील परिषदेंत मार्गारेट थॅचर यांनीं मिळविलेली ही सूट रक्कम पाठविण्यापूर्वींच वजा होई. म्हणजे प्रत्यक्ष भरणा सुमारें १,३०० कोटींचा. त्यांतून शेतकऱ्यांस अनुदान व मागासलेल्या प्रांतांस साह्य या वाटेनें सुमारें ४५० कोटी परत येत. बाकी उरले सुमारें ८५० कोटी, म्हणजे आठवड्यास सुमारें १६ कोटी. ज्यांनीं पेशवाई दफ्तरांतील गांवांचे झाडे व ताळेबंद चाळले आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको. आकार, सूट, वसूल व बाकी असे चार रकाने समोर असतां बसगाडीवाल्यानें आकाराचा रकाना उचलला आणि त्यावर 'पाठवितों' हें क्रियापद लिहिलें. आंकडा बनावट नव्हता. तो चुकीच्या रकान्यांतला होता. अधिकृत आंकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष सर अँड्र्यू डिल्नॉट यांनीं २७ मे २०१६ रोजीं हा आंकडा दिशाभूल करणारा असल्याचें जाहीर केलें, आणि त्यांच्यामागून आलेले सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनीं १७ सप्टेंबर २०१७ रोजीं परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांस पत्र लिहून हा अधिकृत आंकड्यांचा उघड गैरवापर आहे, असें बजाविलें.

या खंडनाचा उपयोग झाला नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु तें अपुरेंही होतें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. पस्तीस कोटी नव्हे, सोळाच कोटी, असें म्हणणारा प्रतिपक्षी वर्गणी हाच मुख्य प्रश्न असल्याचें कबूल करून बसला. ब्रिटनचें देशांतर्गत एकूण उत्पन्न सन २०१५ मध्यें सुमारें १,८७,००० कोटी पौंड होतें. त्याच्याशीं ताडून पाहतां ८५० कोटींची निव्वळ वर्गणी शेंकडा अर्ध्याहूनही कमी भरते. म्हणजे निर्गमनामुळें उत्पन्नांत शेंकडा एकाची जरी तूट आली, तरी वांचलेल्या वर्गणीच्या दुप्पट रक्कम गेली. खरा वाद या तुटीचा होता, आणि बसगाडीवर तिला जागा नव्हती.

ती तूट सांगण्याचें काम अर्थखात्यानें अंगावर घेतलें व दोन टिपणें काढलीं. पहिलें १८ एप्रिल २०१६ चें. त्यांत पंधरा वर्षांनंतर उत्पन्न किती कमी असेल, याचे तीन अंदाज आहेत : संघाबाहेर राहूनही त्याच्या बाजारपेठेंत राहिल्यास शेंकडा ३.८, व्यापारी करार केल्यास ६.२, व कांहींच करार न केल्यास ७.५. जाहिरातींत आला तो मधला अंदाज, आणि तोही वेष पालटून : दर कुटुंबामागें वर्षाला ४,३०० पौंडांचें नुकसान. ही रक्कम कशी निघाली, तें ज्याचें त्यानें करून पाहावें. सन २०१५ च्या उत्पन्नाचे शेंकडा ६.२ म्हणजे सुमारें ११,६०० कोटी. त्यांस २ कोटी ७० लक्ष कुटुंबांनीं भागिलें. यांत तीन दोष आहेत. देशाचें एकूण उत्पन्न म्हणजे कुटुंबाची मिळकत नव्हे. सन २०३० च्या सुमाराची टक्केवारी सन २०१५ च्या उत्पन्नावर चढविली आहे. आणि सर्वांत मोठा दोष भाषेचा : टिपणाच्या पोटांत 'एरवीं असतें त्यापेक्षां कमी' असें आहे, मथळ्यांत मात्र 'गरीब होईल' असें आहे. सामान्य वाचकानें त्याचा अर्थ, आज खिशांत आहे त्यांतून ४,३०० पौंड जाणार, असा घेतला तर दोष त्याचा नव्हे. हिशेब प्रामाणिक व मथळा अप्रामाणिक, असा हा विचित्र कागद आहे.

दुसरें टिपण २३ मे २०१६ चें, म्हणजे मतदानास एक महिना उरला असतांचें. त्यानें जवळचें भविष्य सांगितलें. मतदान निर्गमनाच्या बाजूनें झाल्यास वर्षभर मंदी येईल, दोन वर्षांत उत्पन्न एरवींपेक्षां शेंकडा ३.६ कमी होईल, ५,२०,००० माणसें बेकार होतील. प्रसंग अधिक वाईट झाल्यास ६ टक्के व ८,२०,००० माणसें. यांतील मंदी आली नाहीं, आणि बेकारी वाढण्याऐवजीं कमी होत गेली. टिपणाच्या कैवाऱ्यांनीं सांगितलेलीं कारणें खरीं आहेत : संघसोडीची कायदेशीर नोटीस लगेच दिली जाईल असें टिपणांत गृहीत धरलें होतें, पण प्रत्यक्षांत ती २९ मार्च २०१७ रोजीं गेली, आणि बँक ऑफ इंग्लंडनें ४ ऑगस्ट २०१६ रोजीं व्याजाचा दर पाव टक्क्यावर आणून धक्का सौम्य केला. तरीही कारणें सांगून टिपण वांचत नाहीं. तें चुकलें, असें सरळ म्हणावें. मतदानाच्या रात्रीं पौंडाचा भाव सुमारें दीड डॉलरवरून १ डॉलर ३३ सेंटांच्या आसपास उतरला, व गेल्या एकतीस वर्षांत तो इतका खालीं गेला नव्हता, एवढीच समकालीन नोंद त्या टिपणाच्या दिशेची साक्ष देते.

या चुकीचा परिणाम टिपणापुरता राहिला नाहीं. मे महिन्याचें टिपण खोटें ठरल्यावर निर्गमनवाद्यांनीं एप्रिलचें टिपणही त्याच्याबरोबर केरांत टाकलें, आणि पुढें जो जो अंदाज निघाला त्यावर 'भयकथा' असा एकच शिक्का मारला. एकाच बाडांत दोन कागद शिवलेले सांपडले व त्यांतला एक बनावट निघाला, तर दुसराही बनावट ठरत नाहीं. दोहोंची परीक्षा निरनिराळी करावी लागते. दोन वर्षांचें भाकीत लोकांच्या मनाच्या धास्तीवर उभें होतें, पंधरा वर्षांचें व्यापारांतील अडथळ्यांवर. धास्ती आली नाहीं म्हणून अडथळे येणार नाहींत, हें अनुमान निघत नाहीं.

न्यायाची तूळ सारखी धरावयाची, तर दुसऱ्या पारड्यांतील कागदही पाहिला पाहिजे. प्रोफेसर पॅट्रिक मिनफर्ड यांच्या 'इकॉनॉमिस्ट्स फॉर ब्रेक्झिट' या मंडळानें एप्रिल २०१६ मध्यें निर्गमनानें उत्पन्न शेंकडा ४ नें वाढेल, असें सांगितलें. त्यांचें गृहीत असें कीं, बाहेर पडलेला ब्रिटन सर्व जगाच्या मालावरील जकात आपण होऊन उठवील. तसें घडलें नाहीं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटननें स्वतःची जकातीची पट्टी लागू केली. तींत कांहीं जकाती उठविल्या, कांहीं कमी केल्या, पण शेतमालावरील बऱ्याचशा कायम ठेवल्या. तेव्हां या भाकिताची परीक्षा झालीच नाहीं, असें म्हणावें लागतें. मात्र तें भाकीत मतें मिळविण्यास उपयोगी पडलें आणि त्याची अट सोयिस्करपणें गळाली, हें नमूद करणें अवश्य आहे.

व्यक्तींच्या लेखांसंबंधीं एकच उदाहरण देतों. फेब्रुवारी २०१६ मध्यें बोरिस जॉन्सन यांनीं 'डेली टेलिग्राफ' पत्राकरितां दोन लेख लिहिले, एक निर्गमनाच्या बाजूचा व एक विरुद्ध. पहिला छापला गेला. दुसरा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत उजेडांत आला. न छापलेल्या लेखांत, निर्गमनानें कांहीं ना कांहीं आर्थिक धक्का बसेल असें बहुतेक सर्व धरून चालले आहेत, मग तो केवढा असेल, असा प्रश्न आहे. जॉन्सन यांचें म्हणणें, तो आपण विचार स्पष्ट व्हावे म्हणून अर्धवट विडंबनाच्या वृत्तीनें लिहिला. असेल. परंतु टाकून दिलेला मसुदा हातीं आला असतां संशोधकानें लेखकाच्या स्पष्टीकरणावर न थांबतां मसुदाही संग्रहीं ठेवावा. प्रश्न त्यांस सुचला होता, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

सार्वमतानंतर सरकारी कागदांची जी हकीकत झाली, ती दफ्तरांच्या इतिहासांत नोंदण्याजोगी आहे. निर्गमनखात्याचे मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनीं सन २०१७ मध्यें उद्योगधंद्यांच्या ५८ शाखांचा अभ्यास चालू असल्याचें सांगितलें, आणि ऑक्टोबरांत पार्लमेंटच्या समितीपुढें त्यांतील बारीकसारीक तपशिलाचा मोठा गौरव केला. १ नोव्हेंबर रोजीं कॉमन्स सभेनें ते कागद हजर करण्याचा ठराव केला. २७ नोव्हेंबर रोजीं सुमारें ८५० पृष्ठें समितीच्या हातीं आलीं. त्यांत ५८ नव्हे तर ३९ अहवाल निघाले. ६ डिसेंबर रोजीं याच मंत्र्यांनीं समितीस सांगितलें कीं, परिणामांचे अंदाज असे केलेलेच नाहींत. छापून आलेले अहवाल पाहतां हें उत्तर खरें दिसतें : त्यांत त्या त्या धंद्याचें वर्णन आहे, भविष्याचा हिशेब नाहीं. ज्या पोथीची ख्याति ऐकून शोधक दहा गांवें हिंडतो व अखेर वेष्टनांत कोरीं पानें सांपडतात, त्यांतला हा प्रकार. पुढच्याच महिन्यांत, जानेवारी २०१८ च्या अखेरीस, सरकारचें दुसरेंच एक गुप्त टिपण फुटलें. त्यांत पंधरा वर्षांत अनुक्रमें शेंकडा २, ५ व ८ अशी तूट तीन प्रकारच्या निर्गमनांस धरलेली होती. म्हणजे ज्या सरकारच्या मंत्र्यांनीं हिशेब नाहीं असें सांगितलें, त्याच सरकारच्या पेटींतून दोन महिन्यांच्या आंत हिशेब निघाला.

पाठभेदाच्या दृष्टीनें 'ऑपरेशन यलोहॅमर' नांवाचा दस्तऐवज याहूनही मोलाचा आहे. यलोहॅमर हें एका पांखराचें नांव. करार न होतां बाहेर पडावें लागल्यास काय काय अडेल, याच्या सरकारी टिपणास तें सांकेतिक नांव दिलेलें होतें. त्याची एक प्रत १८ ऑगस्ट २०१९ च्या 'संडे टाइम्स'मध्यें फुटली. हा जुना कागद आहे, असें सरकारपक्षानें म्हटलें. पार्लमेंटच्या ठरावामुळें ११ सप्टेंबर रोजीं अधिकृत प्रत प्रसिद्ध करावी लागली. तिजवरील मिति २ ऑगस्ट २०१९ निघाली. जॉन्सन प्रधानमंत्री झाले २४ जुलै रोजीं. म्हणजे कागद त्यांच्याच कारकीर्दींतला. दुसरा भेद मथळ्याचा. अधिकृत प्रतीवर 'संभाव्य वाईटांत वाईट स्थितीचीं गृहीतें' अशा अर्थाचा मथळा आहे. फुटलेली प्रत ज्या बातमीदार बाईंच्या हातीं होती, त्यांनीं आपल्या प्रतीवर 'मूळ स्थिति' अशा अर्थाचा मथळा असल्याचें जाहीर केलें. मजकूर जवळजवळ शब्दशः तोच. मथळा पालटला कीं तोच मजकूर 'हें होईल' याऐवजीं 'हें फार तर होऊं शकेल' असा वाचला जातो. पुनः पंधरावें कलम अधिकृत प्रतींत काळ्या शाईनें झांकलेलें. तें फुटलेल्या प्रतीवरून भरून काढतां येतें. परदेशी पेट्रोलवरील जकात उठविण्याच्या सरकारच्याच धोरणामुळें तेलशुद्धीचे दोन कारखाने बंद पडतील व सुमारें २,००० माणसांचा रोजगार जाईल, असें त्यांत होतें. झांकण्याचें कारण व्यापारी गुप्तता असें देण्यांत आलें. संपूर्ण टिपणांत सरकारच्या स्वतःच्या धोरणाकडे बोट दाखविणारें हेंच एक ठळक कलम आहे, इतकें येथें सांगून ठेवतों.

करार अखेर झाला, तो २४ डिसेंबर २०२० रोजीं; पार्लमेंटनें त्याचें विधेयक ३० डिसेंबर या एका दिवसांत मंजूर केलें. सुमारें १,२४६ पृष्ठांच्या त्या मजकुरांत, पोलिसी माहितीच्या देवघेवीच्या परिशिष्टांत, 'नेटस्केप कम्युनिकेटर' हें टपालाचें आधुनिक साधन म्हणून उल्लेखिलेलें आहे. हें साधन सन १९९७ मध्यें निघालें व केव्हांच मृत झालें. संघाच्या सन २००८ च्या एका निर्णयांतून हा उतारा जसाच्या तसा उतरून घेतलेला होता. नकलकाराच्या अशा चुकांवरून आपण पोथ्यांचीं कुळें लावतों. त्या घाईच्या दिवसांत हा करार कसा जुळविला गेला, याची ही एक निर्विवाद खूण होय. करारानें जकात व मालाची मर्यादा ठेवली नाहीं. परंतु दर खेपेस जकातनाक्याचें निवेदन, माल कोठें बनला याचा दाखला, अन्नपदार्थांस आरोग्याचा दाखला, हे सर्व कागद १ जानेवारी २०२१ पासून आले. जकात शून्य म्हणून अडथळा शून्य, असें ज्यांनीं वाचलें त्यांनीं करार पुरता वाचला नाहीं.

आतां ज्या आंकड्यावर आज राहणेच्छु पक्षाची सर्व भिस्त आहे, त्याची वंशावळ पाहूं. ब्रेक्झिटमुळें ब्रिटनची उत्पादनक्षमता शेंकडा ४ नें घटली, असें वाक्य वर्तमानपत्रांत व सभांत वारंवार ऐकूं येतें, आणि त्याच्या पाठीशीं ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या स्वतंत्र सरकारी संस्थेचें नांव घातलें जातें. त्या संस्थेचा मूळ कागद मार्च २०२० चा, म्हणजे नवा व्यापारी व्यवहार सुरू होण्यापूर्वींचा आहे. त्यांत शेंकडा ४ ही मोजलेली तूट नसून दीर्घकाळानें येणारी तूट म्हणून धरलेली आहे. आणि ती संस्थेनें स्वतः शोधून काढलेली नाहीं, इतरांनीं केलेल्या तेरा अभ्यासांची ती सरासरी आहे. म्हणजे जे तेरा अभ्यास आधींच साक्षीस उभे होते, त्यांचाच सारांश चवदावा स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभा केला गेला. एका बखरीवरून उतरलेल्या पांच बखरी पांच पुरावे म्हणून मोजूं नयेत, हें राजवाडे यांच्या पिढीपासून आपल्याकडे शिकविलें गेलें आहे. संस्थेचा यांत दोष नाहीं. तिनें आपला आधार स्पष्ट लिहिला आहे व पुढें तो वेळोवेळीं तपासून पाहिला आहे. दोष 'घटेल' याचें 'घटली' करणाऱ्या नकलकारांचा. निर्गमनवादी या क्रियापदावर बोट ठेवतात तेव्हां त्यांचें म्हणणें रास्त असतें. त्यावरून तूट नाहींच, असें ते म्हणूं लागतात, तेव्हां नसतें.

मग घटनेनंतरचा पुरावा कोणता? येथें अडचण अशी कीं, ब्रिटन संघांत राहिला असता तर काय झालें असतें, तो मजकूर कोणत्याच प्रतींत नाहीं. म्हणून अर्थशास्त्रज्ञ तो इतर प्रतींवरून सिद्ध करतात. अमेरिका, जर्मनी यांसारख्या देशांच्या आंकड्यांचें असें मिश्रण करावयाचें कीं तें सन २०१६ पर्यंत ब्रिटनच्या आंकड्यांशीं जुळून येईल. पुढें तें मिश्रण कोठें गेलें व ब्रिटन कोठें राहिला, यांतील अंतर म्हणजे ब्रेक्झिटचा परिणाम. सेंटर फॉर युरोपियन रिफॉर्म या संस्थेचे जॉन स्प्रिंगफर्ड यांनीं या रीतीनें सन २०२२ च्या मध्यापर्यंतची तूट शेंकडा ५.५ काढली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें शेंकडों पोथ्या ताडून महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति सन १९६६ मध्यें पुरी केली, तिच्याशीं या रीतीचें वरवर साम्य आहे. भेद मात्र मोठा आहे. तेथें एके काळीं कोठें तरी मूळ पाठ होता, असें मानण्यास आधार आहे. येथें मूळ पाठ कधींच नव्हता. शिवाय सन २०१६ नंतर महामारी आली, युक्रेनच्या युद्धानें इंधन महाग झालें, आणि अमेरिकेची भरभराट तिच्या स्वतःच्या कारणांनीं झाली; मिश्रणांत अमेरिकेचा वांटा जितका अधिक, तितकी ब्रिटनची तूट मोठी दिसते. हा आक्षेप घेणाऱ्यांस अद्याप पुरतें उत्तर मिळालेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेला निबंध म्हणूनच अधिक वजनाचा वाटतो. सन २०२५ पर्यंत उत्पन्न शेंकडा ६ ते ८, भांडवली गुंतवणूक १२ ते १८, व रोजगार आणि उत्पादनक्षमता प्रत्येकीं ३ ते ४ टक्क्यांनीं कमी, असा त्यांचा निष्कर्ष. यांतील मोठे आंकडे वरच्यासारख्या देशतुलनेवरच उभे आहेत, व त्यांस वरचाच आक्षेप लागू आहे. परंतु त्याच्या जोडीस दुसरा आधार आहे : बँक ऑफ इंग्लंडच्या विद्यमानें सन २०१६ पासून हजारों व्यापारी कंपन्यांच्या हिशेबनिसांस नियमितपणें प्रश्न विचारून ठेवलेलीं उत्तरें. हीं त्या त्या वेळींच लिहिलेलीं. लिहिणाऱ्यास पुढें वाद कोठें जाणार हें ठाऊक नव्हतें. ज्या कंपन्यांचा युरोपशीं संबंध अधिक, त्यांचीच गुंतवणूक अधिक खुंटली, हें त्यावरून एकाच देशांत, एकाच महामारींत ताडून पाहतां येतें. अमेरिकेच्या भरभराटीचा येथें संबंध येत नाहीं. म्हणून तूट शेंकडा आठ होती असें म्हणण्यास आम्ही तयार नसलों, तरी ती होती, ती वर्गणीच्या बचतीहून पुष्कळ मोठी होती, आणि ती एकदम न येतां सावकाश आली, हीं तीन विधानें सिद्ध झालीं असें समजतों. सावकाश आल्यामुळेंच मे २०१६ चें टिपण चुकलें आणि एप्रिलचें टिकलें.

येथें आपल्याकडील एक करार सहज आठवतो. २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटन व हिंदुस्थान यांच्या व्यापारी करारावर सह्या झाल्या. ब्रिटिश सरकारच्या अंदाजानें त्यापासून ब्रिटनला दीर्घकाळानें वर्षास ४८० कोटी पौंड, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारें शेंकडा ०.१३, लाभ होईल. स्वतंत्र व्यापारनीतीचें मोठें फळ म्हणून निर्गमनवादी या कराराकडे बोट दाखवितात. अंदाज काढण्याची रीत मात्र पूर्वींच्या टिपणांच्याच जातीची आहे. शेंकडा चारची तूट सांगणारें गणित त्याज्य आणि ०.१३ चा लाभ सांगणारें ग्राह्य, हें कसें?

अखेर जकातनाक्याच्या वह्या. दफ्तराच्या दृष्टीनें यांहून चांगलें साधन नाहीं. पण येथेंही सावधगिरी हवी. जानेवारी २०२१ मध्यें युरोपास गेलेला माल शेंकडा ४०.७ नें घटल्याचें जाहीर झालें तेव्हां राहणेच्छु पक्षानें विजयाचे नगारे वाजविले. फेब्रुवारींत त्यांतला बराचसा भरून आला. डिसेंबरांत लोकांनीं माल आधींच नेऊन साठविला होता, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. शिवाय याच महिन्यापासून ग्रेट ब्रिटनच्या निर्यातीची नोंद व्यापाऱ्यांच्या मासिक पत्रकांऐवजीं नाक्यावरील निवेदनांवरून होऊं लागली. लिहिणारा कारकून बदलला असतां दोन वह्यांची बेरीज सरळ ताडतां येत नाहीं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनीं डिसेंबर २०२४ मध्यें कंपनीवार नोंदी लावून जो निबंध काढला, तो या सर्व वाङ्मयांत आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटला. नव्या करारामुळें सन २०२२ मध्यें ब्रिटनची मालाची निर्यात सुमारें २,७०० कोटी पौंडांनीं, शेंकडा ६.४ नें, कमी झाली, आणि सुमारें १६,४०० कंपन्यांनीं युरोपास माल पाठविणें अजिबात सोडलें, असें त्यांनीं दाखविलें. मोठ्या कंपन्यांनीं कागदांचा खर्च सोसला. गेल्या त्या लहान. नोंदीची पद्धति बदलल्यामुळें १६,४०० या संख्येस थोडी सैल धरावी. दिशेस सैल धरण्याचें कारण नाहीं.

या लहान व्यापाऱ्यांची हकीकत कोणत्याही मोठ्या टिपणांत नाहीं. जो माल पाठविला गेलाच नाहीं, त्याची नाक्यावर नोंद नसते. त्यांचा शेवटचा युरोपीय गिऱ्हाईक कोण, किती मालाची मागणी नाकारावी लागली, दाखल्यांस काय खर्च सांगितला गेला, हें सर्व त्यांच्या पत्रव्यवहारांत व पावत्यांतच असणार. ब्रिटनमधील कायद्याप्रमाणें विक्रीकराचे कागद व्यापाऱ्यानें सहा वर्षें जपावयाचे असतात. सन २०२० च्या अखेरच्या पावत्यांची ती मुदत सन २०२६ च्या अखेरीस संपते.